तिसऱ्या ओळीतला कोमल

डेरोशे बाईंच्या खोलीच्या दारावर दर सत्राला एक कागद चिकटवलेला असे. कोणाचा गाण्याचा तास कधी, हे त्यावर बाईंच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं. काईसा नुर्मेलाचं नाव गेली अडीच वर्षं मंगळवारी दुपारी तीनच्या रकान्यात असायचं. जानेवारीतल्या त्या सोमवारी बुटांवरचा बर्फ झटकत ती दारापाशी आली, आपलं नाव जागेवर आहे हे पाहून घेतलं आणि वळणार तोच तिची नजर खालच्या रकान्यावर पडली.

चार वाजता. लो. नुर्मेला.

क्षणभर तिला वाटलं, बाईंनी चुकून तिचंच नाव दोनदा लिहिलं. पण लो म्हणजे लोर्ना. लोर्ना म्हणजे आई.

आई विद्यापीठाच्या भोजनालयात पाव भाजायची. पहाटे चारला भट्टीपाशी, दुपारी एकला मोकळी. तिथे नोकरी करणाऱ्यांना दर सत्राला एक विषय फुकट शिकता येई. आईने वीस वर्षांत त्याचा कधी फायदा घेतला नव्हता. या सप्टेंबरात मात्र एकदम म्हणाली, मोठ्या कॉयरमध्ये नाव घालू का गं? मोठा कॉयर म्हणजे येईल त्याला घेणारा गायनवृंद. अभियांत्रिकीची पोरं, निवृत्त पोस्टमन, ग्रंथालयातल्या बायका, सगळे तिथे. निवडक चोवीस जणांचा वृंद वेगळा. त्यात काईसा होती, वरच्या पट्टीतल्या मुलींची प्रमुख होती. म्हणून तेव्हा ती मोठ्या मनाने म्हणाली होती, "घाल की. मजा येईल तुला."

मागच्या रांगेत उभी राहून आई गुणगुणेल, नाताळच्या कार्यक्रमाला काळा झगा घालून फोटो काढून घेईल, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे होतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई ओट्यापाशी वेलदोडे कुटत होती. शनिवारचा निसू, म्हणजे वेलदोडा घातलेला गोड पाव, ती सोमवारीच मनात मळायला घ्यायची.

"आई, बाईंच्या कागदावर तुझं नाव काय करतंय?"

"अगं, सांगणारच होते," आई खलातून मान वर न करता म्हणाली. "बाई स्वतः आल्या होत्या भटारखान्यात. मला वाटलं, पावात केस सापडला कुणाला. तर म्हणतात, तुमचा आवाज वाया चाललाय. मी म्हटलं, शेहेचाळीस वर्षं चाललाय, आणखी थोडा गेला तर काय बिघडलं?"

"मग?"

"मग काय, हसल्या. म्हणाल्या, मंगळवारी चारला या." आईने आता वर पाहिलं. "तुझ्या पाठोपाठचीच वेळ दिली, म्हणजे गाडीने एकत्र परत येता येईल. का गं? तुला नको असेल तर सांग."

"मला काय त्याचं," काईसा म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

तिला त्याचं सगळंच होतं. काईसाचा गळा उपजत नव्हता. पहिल्या वर्षी तिचा आवाज वर गेला की चिरकायचा, खाली आला की विरून जायचा. तो तिने रोज दोन तास खिडकी नसलेल्या सरावखोलीत उभं राहून, श्वास मोजून, आरशात जबडा बघून घडवला होता. बाई तिच्याबद्दल इतरांना सांगताना नेहमी एकच शब्द वापरत: मेहनती. काईसाला तो शब्द आवडायचा. निदान जानेवारीपर्यंत आवडायचा.

मंगळवारी तिचा तास संपला आणि आई आत गेली. काईसा बाहेरच्या बाकावर बुटांच्या नाड्या बांधत बसली. एक बूट बांधायला तिला पंधरा मिनिटं लागली. आतून आधी हसण्याचा आवाज आला. बाई हसत होत्या, अगदी मोकळ्या, खो-खो. अडीच वर्षांत काईसाने त्यांना असं हसवलं नव्हतं. मग पियानोवर एक सूर वाजला आणि आईने तो घेतला.

खालचा, भरलेला, कोमट आवाज. काईसाने तो आयुष्यभर ऐकला होता. जेवायला या म्हणून हाक मारताना, चर्चमध्ये शेजारी उभी असताना, कुत्र्याला रागावताना. त्याला कधी आवाज म्हणून तिने ऐकलंच नव्हतं. आता भिंतीपलीकडून तो नुसताच आला, बिनचेहऱ्याचा, आणि तिच्या हातातली नाडी तशीच राहिली. आई श्वास मोजत नव्हती. तिच्या जबड्याला कुणी आरसा दाखवला नव्हता. सूर यायचा, जागेवर बसायचा आणि खोली भरून टाकायचा. एवढंच.

त्या दिवसापासून काईसाला हिशेबच लागला. बाई आपल्या तासाला किती वेळा "छान" म्हणाल्या आणि दाराआडून किती वेळा ऐकू आलं. बाईंनी आपल्याला कुठलं गाणं दिलं आणि आईला कुठलं. पूर्वी ती भांडी घासताना गायची, गाडीत गायची. आता घरी तिने गाणं बंद केलं. आई मात्र पोळपाटावर लाटणं फिरवताना बाईंनी दिलेले पलटे म्हणायची, आणि वरच्या खोलीत काईसा कानांवर उशी दाबून पालथी पडायची.

लोकांनी त्यात भर घातली. डिसेंबरपर्यंत तिला भेटणारे म्हणायचे, "लोर्ना तुझी आई ना? गोड बाई." फेब्रुवारीत तेच लोक म्हणू लागले, "तू लोर्नाची मुलगी! तरीच!" तरीच काय, हे कुणी सांगत नसे. तिची अडीच वर्षं, तो आरसा, ती सरावखोली, सगळं त्या "तरीच"मध्ये गडप झालं होतं. जणू आईने तिला डब्यात भरून दिलेलं काहीतरी ती खात होती.

तिची मैत्रीण टॅम्सिन ट्रेवॅरो एकदा म्हणाली, "तुझ्या आईच्या शेजारी उभं राहिलं की मला माझा सूर सापडतो. खांबाला टेकल्यासारखं वाटतं." टॅम्सिन दोन्ही वृंदांत खालच्या पट्टीत गायची आणि भोजनालयात दुपारी ताटं विसळायची. तिच्या मनात काही नव्हतं.

"मग टेक," काईसा म्हणाली.

"तुला काय झालं?"

"काही नाही."

फेब्रुवारीच्या मध्यावर दोन्ही वृंद चालवणाऱ्या व्हिटलॉक सरांनी वसंतातल्या कार्यक्रमाचं जाहीर केलं. दोन्ही वृंद एकत्र गाणार होते. सरांच्या एका जुन्या मित्राने नवीन रचना पाठवली होती. सरोवरावर गेलेली जहाजं आणि किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या बायका, असा तिचा विषय. मध्ये एका बाईचा सोलो होता, चार ओळींचा, जवळजवळ साथीशिवाय. सर म्हणाले, "पट्टी मधली आहे, कुणीही बाई म्हणू शकेल. दोन्ही वृंदांतून ज्यांना वाटेल त्यांनी पुढच्या गुरुवारी चाचणी द्या."

काईसाने त्याच दुपारी नोटेशन घेतलं आणि सरावखोलीत शिरली. तीन दिवसांत तिचा सोलो पाठ झाला. हा तिचा होता. तिसरं वर्ष, मुलींची प्रमुख, मेहनती. तिच्याशिवाय कुणाचा असणार?

रविवारी चर्चहून आल्यावर आई तिच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात तीच पानं, कोपरे पिठाने पांढरे झालेले.

"काईसा, एक विचारू? हसू नकोस. बाई म्हणतात, मी पण देऊन बघावी."

काईसा हसली नाही. तिला हसता आलं असतं तर बरं झालं असतं.

"दे की," ती म्हणाली.

"तुला चालेल ना? तू पण देणार आहेस. तू नको म्हणालीस तर मी नाही देणार, खरंच. मला काय, मागच्या रांगेतही बरं वाटतं."

हेच तर. आईला मागच्या रांगेतही बरं वाटत होतं. काईसाला पुढच्या रांगेतही वाटत नव्हतं. "कोणीही देऊ शकतं. सरांनीच सांगितलंय," ती म्हणाली.

"मग एक काम कर ना, बाळा. मला ही किड्यामुंग्यांची भाषा वाचता येत नाही. तू एकदा फोनवर म्हणून दे. ऐकून ऐकून बसवते."

काईसाने हो म्हटलं. सोमवारी दुपारी सरावखोलीत उभी राहून तिने फोन पियानोवर ठेवला आणि आईसाठी सोलो म्हटला. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीत सुरावट पायरी-पायरीने वर चढून एका कोमल सुरावर थांबायची. कानाला तिथे शुद्ध सूर हवासा वाटायचा, आणि रचनेतली सगळी व्याकुळता त्या एका उतरलेल्या सुरात होती. काईसाचं मन कुठे होतं कोण जाणे. तिच्या गळ्यातून शुद्ध निघाला.

चूक तिला तत्काळ कळली. तरी तिने चौथी ओळ पूर्ण केली, कारण मध्येच थांबायची सवय नव्हती. मग फोन उचलला. पुसून पुन्हा म्हणायला एक मिनिटही लागलं नसतं. तिने स्वतःचं म्हणणं पुन्हा ऐकलं. शुद्ध सूर इतका गोड लागला होता, इतका खात्रीचा, की माहीत नसलेल्या माणसाला शंकासुद्धा येणार नाही. अंगठा पुसायच्या खुणेवर होता. तो तिथे बराच वेळ राहिला. मग तिने तो शेजारच्या खुणेवर नेला आणि आईला पाठवून दिलं.

वर दोन शब्दही लिहिले. घे. ऐक.

पुढचे तीन दिवस घरात तोच सूर वाजत होता. आई भट्टीपाशी फोनवरचं गाणं लावायची, गाडीत लावायची, कपडे वाळत घालताना लावायची. आईच्या तोंडून तिसरी ओळ आली की काईसा खोलीतून बाहेर जायची. बुधवारी आई सरळ म्हणाली, "इथे मला जरा खटकतं गं, हा वर जातो तिथे. असंच आहे ना?"

अजूनही वेळ होती.

"असंच आहे," काईसा म्हणाली.

गुरुवारी चाचणीला सात जणी आल्या. सर सभागृहात मधल्या रांगेत बसले होते, डेरोशे बाई त्यांच्या शेजारी. काईसाने तिसऱ्या क्रमांकावर म्हटलं. एक श्वास कमी पडला, पण तो तिलाच कळला. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "स्वच्छ. छान." शेवटी आई आली. भोजनालयाचा पांढरा कोट काढायला विसरली होती. रंगमंचाच्या मधोमध उभी राहिली, हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून कोटाच्या खिशांत घातले आणि गायला लागली.

पहिल्या ओळीला सरांनी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या ओळीला बाई पुढे झुकल्या. काईसा मागे भिंतीपाशी बसली होती. सगळी चुळबुळ थांबलेली तिला कळली. मग तिसरी ओळ आली, आई ठाम पावलं टाकत वर चढली आणि त्या शुद्ध सुरावर उभी राहिली. नेमका तेव्हाच खालून पियानोचा एकुलता एक ठोका यायचा, कोमल सुराचा. दोन्ही सूर एकमेकांवर कचकन आदळले. पहिल्या वर्षातल्या कुणीतरी फिस्सकन हसलं.

"लोर्ना, तिथे सूर उतरलेला आहे," सर म्हणाले. "पुन्हा घ्या तिसरीपासून."

आईने पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सरांनी पियानोवरून सूर ऐकवला, तेव्हा ती त्याच्यापाशी अडखळली, भलतीकडेच घसरली आणि थांबली. तिचे कान लाल झाले होते. तिने एकदा सभागृहाच्या मागच्या बाजूला पाहिलं, जिथे काईसा बसली होती. फार वेळ नाही. मग हसली.

"माझ्याच डोक्यात चुकीचं बसलंय सर. आता काही निघायचं नाही. माफ करा."

कोटाच्या खिशांतून हात न काढताच ती पायऱ्या उतरली.

शुक्रवारी दुपारी सरांच्या दारावर चिठ्ठी लागली. सोलो: काईसा नुर्मेला. तिला वाटलं होतं, आनंद होईल. झाला, चिठ्ठी वाचून जिन्यापर्यंत जाईतो. जिन्यावर टॅम्सिन उभी होती, ओल्या हातांनी, भोजनालयातून तशीच आलेली.

"तुझ्या आईने मला फोनवरचं ऐकवलं," टॅम्सिन म्हणाली. "म्हणाली, बघ गं, मी ऐकताना चुकले का. नोटेशन घेऊन बसलो दोघी."

काईसाने कठड्याला हात टेकला.

"मी खरं तेच सांगितलं. की फोनमध्ये जे आहे तेच ती गायली, तंतोतंत. बाकीचं तू सांग तिला."

"माझ्याकडून चूक झाली. म्हणताना."

"असेल," टॅम्सिन म्हणाली. "अडीच वर्षांत तुझा एक सूर चुकलेला मला आठवत नाही, पण असेल." आणि हात पुसत निघून गेली.

शनिवारी चारला नुर्मेलांच्या घरी सौना तापायची. घरामागची लाकडी खोली, कोपऱ्यात लालभडक दगड, दोन फळ्यांची बैठक. बाबा रस्त्यावरचा बर्फ सारायला ट्रक घेऊन गेले होते, त्यामुळे दोघीच. काईसाला डोकं दुखतंय म्हणून टाळायचं होतं, पण आई म्हणाली, "चल," आणि त्या "चल"ला नाही म्हणायची या घरात पद्धत नव्हती.

आईने दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ उसळली.

"बुधवारी मी तुला विचारलं होतं," आई म्हणाली. "खटकतंय म्हणून."

"हो."

"तू म्हणालीस, असंच आहे."

"हो."

"तेव्हा माहीत होतं तुला?"

घाम डोळ्यांत जात होता. काईसाने तो पुसला नाही. "सोमवारीच माहीत होतं. म्हणताना चुकून आलं. पण पाठवलं ते चुकून नाही."

आईने आणखी एक पळी ओतली, गरजेपेक्षा मोठी. काईसाचे खांदे भाजले.

"का गं?"

"तुला काहीच करावं लागत नाही म्हणून!" काईसा जवळजवळ ओरडलीच. "मी रोज मरते त्या खोलीत. तू येतेस, हातांना पीठ, तोंड उघडतेस, संपलं. बाई तुझ्याशी हसतात. लोक मला म्हणतात, तरीच. आधी ते माझं होतं, आई. ते एकच माझं होतं."

ती रडायला लागली. आई तिला जवळ घेईल असं तिला वाटलं. आईने घेतलं नाही.

"तू अठरा वर्षांची त्या गाण्याच्या इमारतीत शिकायला गेलीस ना," आई म्हणाली, "त्या वर्षी तिथल्या चहापानाला ट्रे पोचवायचं काम मी मागून घेतलं. ट्रे ठेवून झाले की दाराआड उभी राहायची. आत तुम्ही गायचात. मला पण जळायला व्हायचं, काईसा. तुझ्यावर. माझ्या पोटच्या पोरीवर. घरी येऊन तुझ्या बापावर उगाच खेकसायची. पण मी तुझ्या कणकेत साखरेच्या जागी मीठ नाही घातलं."

दगडांवरचं पाणी सुकलं. काईसाला बाहेर पळावंसं वाटत होतं, पण आई उठेपर्यंत ती उठणार नव्हती.

"मी सगळ्यांसमोर उभी राहिले," आई म्हणाली. "ती पोट्टी फिस्सकन हसली ते मला अजून ऐकू येतंय. रडून हे फिटायचं नाही. माझं एक काम करायचंस. मला वाचायला शिकव. मंगळवारी आणि गुरुवारी, अर्धा अर्धा तास. तुझ्याकडून कानाने काही घेणार नाही मी आता."

"आणि सरांना?"

"ते तुझं तू बघ. मी सांगणार नाही."

सोमवारी काईसा सरांच्या खोलीत गेली. व्हिटलॉक सर डबा खात होते. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, अंगठ्याचंसुद्धा. सरांनी घास गिळला, डब्याला झाकण लावलं.

"हे तू का सांगतेयस मला?"

"आई सांगणार नाही म्हणून."

"गुरुवारी दोघी या," सर म्हणाले. "सूर मी देईन पियानोवरून. आणि मुलींची प्रमुख म्हणून या सत्रात दुसरं कुणी बघतो मी. चोवीसांत राहा."

ती बाहेर आली तेव्हा तिचं मन हलकं झालं नव्हतं. तिला फक्त एवढं ठाऊक होतं, की गुरुवारी काय होणार. आणि झालंही तेच. सरांनी आईला तिसरी ओळ पियानोवर सावकाश चार वेळा दिली. पाचव्या वेळी आईने तो कोमल सूर घेतला, आणि काईसाने तीन दिवस घासून जे त्यात आणलं होतं, त्याच्या दुप्पट त्यात आपोआप आलं. सर म्हणाले, "लोर्ना." सोलो आईचा झाला.

शिकवण्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झाल्या. आई वाचायला विलक्षण मंद होती, आणि पहिले दोन आठवडे काईसाला त्याचा आसुरी आनंद झाला. रेघा कुठल्या, रिकाम्या जागा कुठल्या, आईचा दर वेळी घोळ.

"हा अख्खा," काईसा सांगायची. "चार मात्रा. हा त्याचा अर्धा. हा पाव."

"पावाला पावच म्हणतात?"

"हो."

"मग हे मला आधी सांगायचं नाही का? अख्खा, अर्धा, पाव. वीस वर्षं तेच कापतेय."

काईसाला हसू आलं आणि आपण हसलो याचा रागही आला. त्या दिवसानंतर आई भराभर वाचायला लागली. काईसा शिकवायची ते खरं शिकवायची, एक मात्राही लपवायची नाही. पण आईने एखादी ओळ पहिल्या झटक्यात बरोबर वाचली की जुना मत्सर पुन्हा डोकं वर काढायचा. तो गेला नव्हता. तिला वाटलं होतं, कबूल केलं की जाईल.

कार्यक्रम एप्रिलमध्ये रविवारी दुपारी होता. बाहेर बर्फाचे ढिगारे काळे पडून वितळायला लागले होते. सभागृह भरलं होतं. भोजनालयातले सगळे आले होते, दुसऱ्या रांगेत, एकाच्या डोक्यावर अजून जाळीची टोपी. सोलोच्या आधी चार मात्रांची पाच आवर्तं वाद्यं एकटी वाजायची. मोजणं हा आईचा कच्चा दुवा होता. सरावात ती दोनदा लवकर आली होती, एकदा उशिरा. काईसा बरोबर तिच्या मागे उभी होती. तिने ठरवून ठेवलं होतं, पाचव्या आवर्ताच्या शेवटी आपण मोठ्याने श्वास घ्यायचा. आईला ऐकू जाईल इतका. आईने तो ऐकला की ती गायला सुरुवात करेल. काईसाने हे कुणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. ते तिला करायचं होतं. एवढं तरी तिला द्यायचं होतं.

तीन आवर्तं झाली. चार. काईसाने छाती भरायला घेतली, आणि तिचा श्वास पुरा व्हायच्या आत आई सुरू झाली. अचूक. एका केसाचा फरक नाही. काईसाचा तो मोठा श्वास छातीत तसाच राहिला, कुणाच्याच उपयोगाचा नसलेला. तिने तो हळूहळू, आवाज न करता सोडून दिला.

आई गात होती. तिसऱ्या ओळीत कोमल सूर आला तेव्हा भोजनालयाच्या रांगेतल्या त्या माणसाने टोपी काढून हातात घेतली. डेरोशे बाई कडेला उभ्या होत्या, त्यांचा हात तोंडावर होता. काईसाने सगळं बघितलं. तो सूर असा लावायला आपल्याला आणखी किती वर्षं लागतील, याचा तिने अंदाज केला. दहा. कदाचित कधीच नाही. मग बाकीचा वृंद आत आला, तीही आली. आईच्या आवाजावर तिचा आवाज चढला. आईचा सूर खाली होता म्हणून तो तिथे घट्ट उभा राहिला, हे तिला कळलं, आणि हेसुद्धा तिला डाचलं.

टाळ्या फार वेळ चालल्या. तिनेही वाजवल्या. हात लाल होईतो वाजवल्या.

परतताना तिघं ट्रकच्या एकाच बाकावर दाटीवाटीने बसली. बाबा चालवत होते, आई मध्ये, काईसा खिडकीशी. आईच्या मांडीवर कुणीतरी दिलेली फुलं होती आणि ती कुठे ठेवावी हे तिला समजत नव्हतं. गावाबाहेर पडल्यावर बाबांनी काच जराशी खाली केली. मग घसा खाकरून म्हणाले, "छान झालं. मी डोळे मिटून ऐकत होतो. ती मधली एकटी गाते ना, ती आपली काईसाच वाटली मला."

मग आईचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, आवाज न करता, फुलं हलवत. काईसा खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिच्याही तोंडाचा कोपरा हलला, पण तिने तो आवरला.

"काय झालं?" बाबा म्हणाले. "चुकलं का माझं?"

"तुम्ही रस्त्याकडे बघा," आई म्हणाली.

पुलाच्या अलीकडे काईसा म्हणाली, "आई, मला अजून तुझा राग येतो."

"येऊ दे."

"रोज येतो."

"माहीत आहे मला. स्वयंपाकघरात दिसतो तुझ्या तोंडावर." आईने फुलं उचलली आणि तिच्या मांडीवर ठेवली, कारण आपल्याला बसायला त्यांची अडचण होत होती. "मंगळवारी शिकवायला मात्र वेळेवर ये. गेल्या खेपेला वीस मिनिटं उशीर केलास."

काईसाने फुलं सरळ धरली, पाकळ्या दारात चेमटू नयेत म्हणून. सरोवरावर अजून बर्फाचा थर होता, कडेने काळं पाणी उघडं पडत चाललेलं. बाबांनी वळण घेतलं.

"येते," ती म्हणाली.